कार्डावर १७०, हातात २२: रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड अडतं कुठे?

आमच्या घरात ‘पाय अडकला’ असं मोठ्यानं म्हणायची सोय नाही. आई हातातलं काम टाकून धावत येते. हा पाय म्हणजे रास्पबेरी पाय, पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा संगणक, हे तिला तीनदा सांगून झालंय. पण मराठीत नाव असं पडलंय खरं, त्याला कोण काय करणार.

गेल्या महिन्यात अडकला होता तो मित्राचा पाय. मॉडेल ३, म्हणजे २०१६ सालचं. मुलीला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायची म्हणून त्यानं तो माळ्यावरून खाली काढला. पायची डिस्क म्हणजे त्याच्या खाचेतलं मेमरी कार्डच. जुनं १६ जीबीचं कार्ड फारच सावकाश चालत होतं, म्हणून कॅमेऱ्यासाठी घेतात तसलं महागडं १२८ जीबीचं कार्ड आणलं. त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं: १७० एमबी प्रति सेकंद. नव्या कार्डावर सिस्टिम टाकली आणि पाहतो तर फरक जवळजवळ शून्य. ब्राउझर उघडायला सांगून चहा टाकून यावं, तरी तो आपला उघडतोच आहे. अपडेट लावलं तर पाऊण तास. ‘दुकानदारानं बनावट कार्ड गळ्यात मारलं,’ असं म्हणून तो मोकळा झाला.

कार्ड अस्सल होतं. अपडेट चालू असतानाच मी ‘टॉप’ ही आज्ञा दिली. यंत्राचा वेळ कुठे जातोय ते ती दाखवते. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला होता, आणि ‘डब्ल्यूए’ नावाच्या आकड्याजवळ सत्तरच्या आसपास काहीतरी होतं. डब्ल्यूए म्हणजे वाट पाहणं. चुलीवर आधण कधीचं उकळतंय, पण तांदूळ आणायला गेलेला माणूस परतलेला नाही, अशी ती अवस्था. अशा वेळी चूल मोठी करून काही होत नाही. तांदूळ आणणारा कुठे रखडला ते पाहावं लागतं.

चार तारांचं गणित

मायक्रोएसडी कार्ड पालथं केलं की आठ सोनेरी पट्ट्या दिसतात. वीज, घड्याळ आणि आज्ञा यांच्या पट्ट्या सोडल्या तर माहितीची ने-आण करायला उरतात फक्त चार. घड्याळाच्या एका ठोक्याला प्रत्येक तारेवरून एक बिट जातो. पाय ३ मध्ये हे घड्याळ सेकंदाला ५ कोटी ठोके देतं. चार तारा म्हणजे सेकंदाला २० कोटी बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून भागाकार करा: २५ एमबी प्रति सेकंद. त्यातून आज्ञा आणि तपासणीचा वेळ वजा जातो आणि हातात उरतात २२-२३. कार्डावर १७० छापा नाहीतर १७००, पाय ३ च्या खाचेतून याहून जास्त येणारच नाही.

कार्डाला याहून वेगानं बोलता येतं, पण त्यासाठी दोघांनाही विजेचा दाब ३.३ व्होल्टवरून १.८ व्होल्टवर आणावा लागतो. पाय ३ पर्यंतच्या मॉडेलांच्या खाचेत ही सोयच नाही. कार्ड आत सरकवलं की ते आणि यंत्र आधी एकमेकांची ओळख करून घेतात, कोणाला कुठली बोली येते ते ठरवतात आणि दोघांपैकी ज्याला कमी येतं त्याच्या बोलीत संसार सुरू होतो.

पाय ४ मध्ये, म्हणजे २०१९ साली, १.८ व्होल्ट आले. घड्याळाचे ठोके तेवढेच राहिले, पण प्रत्येक ठोक्याच्या चढावर एक आणि उतारावर एक असे दोन बिट जाऊ लागले. कागदावर ५० एमबी, प्रत्यक्षात चाळिशीत. पाय ५ हा २०२३ चा. त्याच्यात घड्याळ थेट २०.८ कोटी ठोक्यांवर गेलं. चारनं गुणा, आठनं भागा: १०४ एमबी. ज्याला यूएचएस-१ म्हणतात त्या प्रकारच्या कार्डांची अधिकृत कमाल मर्यादाही हीच.

मग १७० आले कुठून? काही कंपन्यांनी प्रमाणित नियमांच्या पलीकडे जाऊन स्वतःची एक जादा वेगाची पद्धत काढली आहे. ती चालते त्या पद्धतीला जुळणाऱ्या कार्ड रीडरबरोबर. तशा रीडरमधून कॉम्प्युटरवर फोटो उतरवताना १७० दिसतीलही. पाकिटावर बारीक अक्षरांत ही अट लिहिलेली असते, आणि आकड्याच्या आधी ‘पर्यंत’ या अर्थाचा शब्दही असतो. शिवाय तो आकडा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे. खोटं कोणी बोललेलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. दागिन्यांच्या दुकानात ‘घडणावळ मोफत’ची पाटी लागते, तिच्याइतकंच ते खरं असतं.

इथवरचं गणित पुष्कळांना माहीत असतं. मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘ठीक आहे, २२ तर २२. पण २२ एमबीच्या वेगानं ब्राउझर उघडायला एवढा वेळ का लागावा? ब्राउझर केवढा, तीनशे एमबी? पंधरा सेकंदांत उघडायला हवा.’ बरोबर विचारलं त्यानं. खरी गोष्ट इथे सुरू होते.

विनाथांबा आणि हात दाखवा, गाडी थांबवा

पुण्याहून कोल्हापूरला जाणारी विनाथांबा एसटी आणि प्रत्येक फाट्यावर थांबणारी एसटी, दोन्हींचं इंजिन तेच आणि रस्ताही तोच. तरी दुसरी गाडी पोचायला दुप्पट वेळ घेते. वेळ धावण्यात जात नाही. थांबण्यात, दार उघडण्यात, कंडक्टरनं घंटी मारण्यात आणि पुन्हा गिअर टाकण्यात तो जातो.

मेमरी कार्डावर छापलेला वेग विनाथांबा गाडीचा असतो. एकच मोठी फाइल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग. यामागे इतिहास आहे. सॅनडिस्क, पॅनासॉनिकची तेव्हाची मातृसंस्था मात्सुशिता आणि तोशिबा या तिघांनी १९९९ साली एसडी कार्ड जाहीर केलं, ते कॅमेरे आणि गाणी वाजवणारी यंत्रं डोळ्यांसमोर ठेवून. फोटो असो, गाणं असो की व्हिडिओ, सगळा सलग माल. त्यात सलग लिहिण्याचा वेग हीच काय ती चिंता: व्हिडिओ घेताना कार्ड मागे पडलं तर चित्र तुटतं. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला रास्पबेरी पाय ३५ डॉलरला विक्रीला आला, तेव्हा स्वस्तात स्वस्त डिस्क म्हणून हेच कॅमेऱ्याचं कार्ड त्याला दिलं गेलं. कॅमेऱ्याची वही संगणकाला दिली, आणि संगणक वही वापरतो ती अगदी वेगळ्या तऱ्हेनं.

लिनक्स, म्हणजे पायवर चालणारी सिस्टिम, चालू होताना शेकडो छोट्या फाइली उघडतो. कुठे दोन ओळींची सेटिंग, कुठे एखादी लायब्ररी, कुठे फॉन्ट. ब्राउझर उघडताना जुन्या पानांचे तुकडे, कुकी, इतिहास असलं सगळं चाळतो. या फाइली कार्डावर इकडेतिकडे विखुरलेल्या असतात आणि मागणी साधारण ४ केबीच्या तुकड्यांत होते. म्हणजे गाडीला हात दाखवणारे प्रत्येक फाट्यावर उभे. इथे सेकंदाला किती एमबी हे विचारण्यात अर्थ नसतो, सेकंदाला किती थांबे घेता येतात ते विचारावं लागतं. तांत्रिक भाषेत याला आयओपीएस म्हणतात.

आकडे मांडून पाहू. एखादं बरं कार्ड सेकंदाला १५०० विखुरलेली वाचनं करतं असं धरा. १५०० गुणिले ४ केबी म्हणजे साधारण ६ एमबी. लिहिणं त्याहून जड. सेकंदाला ५०० लेखनं म्हणजे २ एमबी. आणि हे बऱ्या कार्डाचं झालं. फक्त सलग वेगासाठी बनवलेली कार्डं विखुरलेल्या लिखाणात सेकंदाला शंभरच्याही खाली घसरतात, म्हणजे अर्धा एमबीसुद्धा नाही. पाय ३ च्या खाचेची २५ एमबीची मर्यादा आपण एवढी उगाळली, पण या कामात कार्ड त्या मर्यादेच्या जवळपासही फिरकत नाही. रस्ता रिकामाच आहे, गाडी फाट्यावर उभी.

अपडेटला पाऊण तास लागतो त्यात आणखी एक भानगड आहे. साधारणपणे लिनक्स लिहायचं सामान आधी रॅममध्ये साठवतो आणि सवडीनं कार्डावर उतरवतो. पण सिस्टिमचं पॅकेज बदलताना मध्येच वीज गेली तर अर्धं जुनं, अर्धं नवं असं कडबोळं होईल. म्हणून पॅकेज बसवणारी डीपीकेजी ही प्रणाली फाइली लिहिल्यावर कार्डाकडे पोचपावती मागते: खरंच उतरलं का? पावती हातात आल्याशिवाय पुढचं पत्र पेटीत टाकायचं नाही. एकेका अपडेटमध्ये अशा हजारो फाइली. प्रोसेसर दहापट वेगवान आणला तरी पोस्टमनचा वेग तोच.

पाटीवरचं एक अक्षर बदलायचं तर

लिहिणं वाचण्यापेक्षा एवढं जड का, हे समजायला कार्डाच्या आतली चिप पाहावी लागते. त्यातल्या नँड फ्लॅश स्मृतीचा स्वभाव विचित्र आहे. कोऱ्या जागेवर लिहिता येतं, पण लिहिलेल्या जागेवर पुन्हा लिहायचं तर ती आधी पुसावी लागते. आणि पुसताना एक अक्षर पुसता येत नाही, पाटीच्या पाटी पुसावी लागते. लिहिण्याचं एकक म्हणजे ‘पान’, काही केबींचं. पुसण्याचं एकक म्हणजे ‘ब्लॉक’, त्यात शेकडो पानं, आताच्या चिपांमध्ये काही एमबी एवढी मोठी जागा.

आता समजा भरलेल्या ब्लॉकमधल्या ४ केबीत एक नोंद बदलायची आहे. कार्डातला छोटा नियंत्रक नवी नोंद दुसऱ्या कोऱ्या पानावर लिहितो आणि आपल्या नोंदवहीत टिपून ठेवतो की अमुक पत्त्यावरचा माणूस आता तमुक खोलीत राहतो. कोरी पानं संपत आली की जुन्या ब्लॉकमधली कामाची पानं वेचून दुसरीकडे नकलायची, मग जुना ब्लॉक पुसायचा. तुम्ही लिहायला दिलं ४ केबी, कार्डानं आत लिहिलं त्याच्या कितीतरी पट. शिवाय प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो, म्हणून झीज सगळीकडे सारखी वाटायची, हेही त्या नियंत्रकानंच पाहायचं.

लॅपटॉपमध्ये डिस्क म्हणून बसवतात त्या एसएसडीमध्येही हेच सगळं चालतं. पण तिथे हे काम करणारा नियंत्रक ताकदवान असतो, समांतर काम करणाऱ्या चिपा किंवा थर जास्त असतात, आणि पुष्कळदा नोंदवही ठेवायला वेगळी रॅमही असते. मायक्रोएसडी कार्ड करंगळीच्या नखाएवढं. त्यात हिशेबनीस एकच, वही तोकडी, आणि मजुरीही फारशी मिळत नाही. कॅमेऱ्याचा माल सलग येतो तेव्हा तो ब्लॉकमागून ब्लॉक भरत सुटतो आणि छान दिसतो. विखुरलेल्या चिठ्ठ्या आल्या की त्याची धांदल उडते.

या धांदलीतून एक फसवा प्रकार घडतो. आजच्या बहुतेक स्वस्त चिपांमध्ये एका कप्प्यात तीन बिट कोंबलेले असतात, ज्याला टीएलसी म्हणतात. विजेचे आठ वेगवेगळे स्तर नेमके ठेवायचे आणि ओळखायचे, म्हणून लिहिणं सावकाश. त्यावर तोडगा म्हणून पुष्कळ कार्डं आणि एसएसडी थोडी जागा एका कप्प्यात एकच बिट अशी जलद लिहितात आणि नंतर सवडीनं माल आत लावतात. ओसरीवर पोती टाकून घेतल्यासारखं. ओसरी मोकळी असेपर्यंत कार्ड हरणासारखं पळतं. भरली की बसतं. म्हणून अर्ध्या मिनिटाची चाचणी घेऊन कार्डाला शाबासकी देऊ नये.

पाकिटावरची चिन्हं

कार्डावर एवढीशी जागा आणि त्यावर चिन्हांची जत्रा. त्यातली बरीचशी पायसाठी निरुपयोगी आहेत. सी अक्षरातला १०, यू अक्षरातला १ किंवा ३, व्ही ३०, व्ही ६०, व्ही ९० ही सगळी सलग लिहिण्याच्या किमान वेगाची हमी. सी १० आणि यू १ म्हणजे १० एमबी, यू ३ आणि व्ही ३० म्हणजे ३०, पुढचं आकड्यातच आलं. व्हिडिओ करणाऱ्यांनी पाहावीत. यूएचएस-२ ची महागडी कार्डं तर घेऊच नयेत. त्यांचा जादा वेग पट्ट्यांच्या दुसऱ्या रांगेतून येतो आणि पायच्या कुठल्याच मॉडेलच्या खाचेत ती दुसरी रांग नाही.

पाहायचं ते ए अक्षर. मोबाइलमध्ये लोक कार्डावर अ‍ॅप टाकू लागले तेव्हा एसडी असोसिएशनलाही थांब्यांचा हिशेब मांडावा लागला. ए १ हे २०१६ मधलं: विखुरलेली वाचनं सेकंदाला किमान १५००, लेखनं ५००. ए २ हे २०१७ मधलं: वाचनं ४०००, लेखनं २०००. दोन्हींत सलग लिहिण्याची हमी १० एमबीची. वर मी ‘बऱ्या कार्डा’चे आकडे धरले ते ए १ चेच.

मग ए २ घ्यावं, चौपट लेखनं मिळतील, असं वाटणं साहजिक आहे. मलाही वाटलं होतं, जास्तीचे पैसेही मोजले होते. गंमत अशी की ए २ चे आकडे एका अटीवर मिळतात. यंत्रानं कार्डाला एकेक काम न देता कामांची रांगच द्यायची, म्हणजे कार्ड आपल्या सोयीनं क्रम लावून ती उरकतं. शिवाय कार्डातल्या तात्पुरत्या साठ्याचा वापर करू द्यायचा. पिठाच्या गिरणीत डबे एकदम ठेवून गेलात तर गिरणीवाला गहू एकत्र, ज्वारी एकत्र असं दळून टाकतो. तुम्ही एकेक डबा घेऊन येत राहिलात तर त्याला दर वेळी जातं झाडावं लागतं. पाय ४ आणि त्याआधीची मॉडेलं एकेक डबाच नेतात. त्यांच्यात ए २ कार्ड पुष्कळदा ए १ एवढंच चालतं, आणि काही ए २ कार्डं तर रांग मिळेल या भरवशावर बेतलेली असल्यानं उलट मागेच पडतात. पाय ५ वर ही रांगेची सोय २०२४ मध्ये आली. त्याच वर्षी रास्पबेरी पायनं स्वतःच्या नावाची ए २ कार्डंही बाजारात आणली. सोय आल्यावर काही कार्डं रांगेनं गांगरून अडकू लागली, म्हणून ती निवडक कार्डांपुरतीच आपोआप चालू होते.

म्हणजे पाय ५ असेल तर ए २, नाहीतर नामवंत कंपनीचं साधं ए १. मी स्वतः ३२ जीबीचं घेतो. (ते २९ पॉइंट काहीतरी दिसतं, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराचा केबी धरते आणि संगणक १०२४ चा.)

मोजायचं कसं

इंटरनेटवर सगळ्यात जास्त सांगितली जाणारी चाचणी म्हणजे ‘डीडी’ ही आज्ञा वापरून शून्यांची एक मोठी फाइल लिहायची. ती जशीच्या तशी दिली तर पाय ३ वरसुद्धा कधीकधी शंभर-दोनशे एमबी असला आकडा येतो आणि माणूस खूश होतो. वर सांगितलंच की लिनक्स माल आधी रॅममध्ये घेतो. तो आकडा रॅमचा. शेवटी पोचपावती मागायची सूचना जोडली की खरा आकडा येतो, पण तोही विनाथांब्याचाच.

थांबे मोजायला ‘एफआयओ’ हे साधन चांगलं. ४ केबीचे तुकडे, विखुरलेले पत्ते, रॅमला वळसा घालून थेट कार्डावर, अशी कामं नेमून देता येतात. एवढ्या खटाटोपात शिरायचं नसेल तर रास्पबेरी पाय ओएससाठी डायग्नोस्टिक्स नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. तो कार्डाची चाचणी घेतो आणि ए १ ची पातळी गाठली की नाही ते पास-नापास या भाषेत सांगतो. भरलेल्या, वापरात मुरलेल्या कार्डाचा निकाल कोऱ्या कार्डापेक्षा खाली येऊ शकतो, तेव्हा एका नापासानं कार्ड फेकून देऊ नका.

बनावट कार्डांचा विषय वेगळा आहे. ८ जीबीची चिप, वर १२८ छापलेलं, आणि नियंत्रकालाही १२८ असंच सांगायला पढवलेलं. आठ जीबी भरेपर्यंत सगळं सुरळीत, मग नव्या फाइली जुन्यांच्या उरावर किंवा थेट शून्यात. लिनक्सवर एफ ३ आणि विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू ही साधनं कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहतात. वेळ लागतो, पण नवं कार्ड हातात आल्यावर पहिलं काम मी हेच करतो. मित्राच्या कार्डावरही केलं. १२८ पैकी सगळे जागेवर होते, मित्र थोडा हिरमुसला.

कार्डं मरतात ती बहुधा विजेनं

‘पाय कार्डं खातो’ अशी त्याची बदनामी आहे. लिहून लिहून झिजण्याचा भाग आहेच, पण मी मेलेली म्हणून पाहिलेली बहुतेक कार्डं झिजलेली नव्हती, तर मध्येच वीज गेल्यामुळे गोंधळलेली होती. आपल्याकडे याचं महत्त्व जास्त. दुपारी महावितरणची लाइट गेली, की पाय तत्क्षणी बंद. त्या वेळी नियंत्रक पानं हलवत असेल, नोंदवही अर्धी लिहिलेली असेल, तर कोण कुठल्या खोलीत राहतं हेच त्याला कळेनासं होतं. तुम्ही काहीच लिहीत नसतानाही असं होऊ शकतं, कारण आवराआवर तो आपल्या सवडीनं करत असतो. लिनक्सचा एक्सट४ हा मांडणीचा प्रकार आपल्या बाजूनं रोजनिशी ठेवतो आणि पुष्कळ काही सावरतो, पण कार्डाच्या पोटातली नोंदवही त्याच्या हातात नसते. शिवाय फाइल नकलून झाली असं पडद्यावर दिसलं तरी तिचा काही भाग नेहमीच्या सेटिंगमध्ये अर्धा मिनिटभर रॅममध्येच असू शकतो. म्हणून आधी रीतसर बंद करायचा, मग वायर काढायची.

दुसरा चोर म्हणजे मोबाइलचा चार्जर. पाय ३ ला २.५ अँपिअर लागतात, पाय ४ ला ३, पाय ५ ला ५. चार्जरवर आकडा बरोबर असला तरी बारीक, लांब वायरीत दाब गळतो. ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण चमकते. लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात आणि पुढे महिन्याभरानं कार्डाला शिव्या देतात. इन्व्हर्टर नसला तरी राउटरसाठी मिळतो तसला छोटा यूपीएस चालेल, फक्त त्यातून ५ व्होल्ट पुरेशा अँपिअरनं मिळतात का ते आधी पाहा.

झीज कमी करायची तर चिठ्ठ्या कमी करायच्या. गच्चीवर हवामानयंत्र लावून दर सेकंदाला तापमान एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये नोंदवणारे बरेच जण आहेत. प्रत्येक नोंद वेगळी टाकली की दिवसाला ८६,४०० पोचपावत्या. तेच साठ नोंदी एकत्र करून मिनिटाला एकदा टाकल्या तर १,४४०. प्रोग्रॅममध्ये दोन ओळींचा बदल आहे आणि कार्डाचं आयुष्य त्यानं जितकं वाढतं तितकं महाग कार्ड घेऊनही वाढत नाही. सिस्टिमचे लॉग, म्हणजे काय घडलं त्याच्या नोंदी, रॅममध्ये ठेवता येतात, मात्र लाइट गेली की तेही गेले. आणि ज्या पायचं काम ठरलेलं आहे, एखादा फलक दाखवणं किंवा दाराची घंटी, त्याच्या सेटिंगमध्ये ओव्हरले नावाची सोय चालू करावी. मग कार्डावर लिहिलंच जात नाही, सगळे बदल रॅममध्ये होतात आणि बंद करताच पुसले जातात. अशा पायची वायर उपटली तरी धोका बराच कमी.

मग एसएसडीच का नाही?

पाय ४ किंवा ५ असेल आणि तो रोजच्या कामाला वापरायचा असेल तर माझं उत्तर सरळ ‘घ्या’ असं आहे. पाय ४ च्या निळ्या यूएसबी ३ खाचेत साधी सॅटा एसएसडी लावली की थांब्यांचा हिशेब काही हजारांवरून दहा हजारांच्या पुढे जातो. पाय ५ ला पीसीआय एक्सप्रेस या जलद जोडणीची एक मार्गिका मिळाली आहे, अधिकृत वेग ५०० एमबीपर्यंत, आणि २०२४ पासून तिच्यावर एनव्हीएमई या प्रकारची एसएसडी बसवायचा बोर्डही मिळतो. दोन गोष्टी सांभाळायच्या. काही यूएसबी-सॅटा वायरींचं पाय ४ शी पटत नाही, म्हणून चालते असं कोणी सांगितलेली वायर घ्या. आणि डिस्कला लागणारी वीजही पायमधूनच जाते: पाय ४ च्या चारही यूएसबी खाचांना मिळून १.२ अँपिअर, त्याहून जास्त मागितली की परत तीच विजेची खूण.

नवल वाटेल, पण पाय ३ च्या जुन्या यूएसबी २ खाचेतसुद्धा एसएसडीचा फरक जाणवतो. तिथे सलग वेग पस्तिशीच्या पुढे फारसा जात नाही, कागदावर पाहिलं तर कार्डाच्या २२ पेक्षा थोडासाच जास्त. पण रस्ता अरुंद असला तरी गाडी थांब्यावर रेंगाळत नाही.

मित्राला एसएसडीवर खर्च करायचा नव्हता, आणि त्याच्या घोळाचं अर्धं मूळ वेगळंच निघालं. पाय ३ मध्ये रॅम एकच जीबी. ब्राउझरच्या पाच टॅब उघडल्या की ती भरते, आणि मग लिनक्स रॅममधली पानं कार्डावरच्या स्वॅप नावाच्या जागेत हलवू लागतो. ४ केबीच्या तुकड्यांत, विखुरलेली, वाचणं आणि लिहिणं दोन्ही एकदम. कार्डाला याहून वाईट शिक्षा नाही. आम्ही कार्डावरचा स्वॅप बंद करून झेडरॅम चालू केलं. ते रॅममध्येच पानं दाबून, घडी घालून ठेवतं. आणि त्या १२८ जीबीच्या कार्डाच्या जागी माझ्याकडे पडून असलेलं ए १ खुणेचं ३२ जीबीचं कार्ड दिलं.

पुढचं अपडेट पंधरा-सोळा मिनिटांत उरकलं. १७० वालं कार्ड आता त्याच्या कॅमेऱ्यात आहे आणि तिथे ते झकास चालतं. मुलीचं पायथनमधलं कासव पडद्यावर चौकोन काढतं, मध्येच थबकत नाही. ब्राउझर मात्र अजूनही सावकाशच उघडतो. एक जीबी रॅमला तेवढंच झेपतं, आणि त्यात कुठल्याच कार्डाचा दोष नाही.